मी दुखणं देवाला देऊन टाकलं

"कॅन्सर आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"राखेच्या बुधवारपासून," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. त्या विरारच्या, देशपांड्यांच्या घरातल्या. त्यांना आमचं चर्चचं कॅलेंडर कुठून ठाऊक असणार? शेजारच्या खुर्चीत माझा नवरा अंतोन बसला होता. त्याने बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "ईस्टरच्या आधी शेहेचाळीस दिवस, मॅडम. म्हणजे आता दोन महिने झाले." सांगताना तो डॉक्टरांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. त्याची समजूत होती की हे सगळं गुड फ्रायडेला सुरू झालं.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी शिक्षिका, अर्धवट उत्तर आलं की मला चैन पडत नाही. "खरं सांगायचं तर नाताळपासून," मी म्हटलं. "पण तेव्हा एखाददुसरा डाग असायचा."

डॉक्टर मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही शिक्षिका ना? काय शिकवता?"

"विज्ञान."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि त्या लिहायला लागल्या. मी वसईतल्या सांडोरची. गेली तीस वर्षं शाळेत फळ्यावर गर्भाशयाचं चित्र मी काढते. नावं देते, बाण दाखवते, मुली खाली मान घालून हसतात तेव्हा त्यांना दटावते, "यात हसण्यासारखं काय आहे? शरीर आहे." आणि तेच शरीर चार महिने मला काहीतरी सांगत होतं, तर मी त्याला गप्प बसवलं होतं.

रिपोर्टवर लिहिलं होतं, एंडोमेट्रियल कार्सिनोमा. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. माझी पाळी थांबून तीन वर्षं झाली होती. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी डॉक्टरकडे जायचं असतं. तो डाग लाल असो, तपकिरी असो, दुखो वा न दुखो. हे वाचणाऱ्या बायांनो, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मी का गेले नाही, ते सांगताना अजून कान गरम होतात.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे प्रत्येक जण काहीतरी सोडतो. अंतोन दारू सोडतो आणि ईस्टरच्या दुपारी सगळा अनुशेष भरून काढतो. मी मासे सोडते. वसईच्या बाईने चाळीस दिवस मासे सोडणं म्हणजे काय, ते वसईकरालाच कळेल. पण त्याशिवाय आमच्या घरात आणखी एक रीत होती, माझ्या आईने घातलेली. लहानपणी गुडघा फुटला की आई फुंकर घालायची आणि म्हणायची, "रडू नको बाय, येशूला देऊन टाक." दाढ दुखली, पोटात कळ आली, तरी तेच. दुखणं कुणाला सांगायचं नाही, कुणासाठी तरी अर्पण करायचं. सांगितलं की अर्पण वाया गेलं.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घरी आले आणि बाथरूममध्ये पुन्हा डाग दिसला. त्या दिवशी मी ठरवलं, यंदा हेच अर्पण. कशासाठी, तर माझ्या प्रीतीचं लग्न जमावं म्हणून. मुलगी एकोणतीस वर्षांची, अंधेरीला चांगल्या नोकरीत, आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडते. मी देवाशी व्यवहार केला. तू तिचं बघ, मी हे निमूट सोसते.

आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकताना ओटीपोटात ओढ लागायची, तेव्हा आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटायचं. भीती होतीच. पण भीतीला मी भक्तीचं झबलं घालून ठेवलं होतं.

गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चमध्ये क्रूसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभी होते, आणि पायावरून गरम काहीतरी खाली आलं. त्या दिवशी आम्ही काळं नेसतो. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? साडी काळी आहे हे बरं झालं, दिसणार नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. क्रूसापर्यंत गेले, चुंबन घेतलं, वळले आणि तिसऱ्या बाकाजवळ कोसळले.

अंतोनने मला गाडीत घातलं. सीटवर जे दिसलं, त्याने तो पांढराफटक पडला. ईस्टरनंतर सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर माझ्या वयाला चार-पाच मिलिमीटरच्या आत असावं लागतं, माझं चौदा निघालं. मग बायोप्सी, म्हणजे आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवणं. आणि मग ती खुर्ची, ते पेन, तो प्रश्न.

घरी आल्यावर प्रीतीला सांगावं लागलं. कॅन्सरचं ऐकून ती रडली नाही. तिने विचारलं, "पण मम्मी, चार महिने गप्प का होतीस?" मी खरं ते सांगितलं. अर्पण, तिचं लग्न, सगळं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "माझ्या लग्नासाठी तू रक्त घालवत बसलीस? मी मागितलं होतं? देवाने मागितलं होतं?" ती उठून वाडीत निघून गेली आणि केळीत उभी राहून मोठमोठ्याने रडली. मी खिडकीतून ऐकत राहिले.

पुढचं सगळं मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात झालं. अंतोन पहाटे भाजी काढून ठेवायचा आणि आम्ही शेजाऱ्याच्या गाडीने हायवेने निघायचो. तिथे वेटिंग रूममध्ये बसणं हेच मुख्य काम. टोकन घ्या, बसा, नाव पुकारलं की आत जा, आतून दुसरा कागद घेऊन दुसऱ्या बाकावर बसा. बाकांवर बायका एकमेकींशी बोलू लागल्या की कळायचं, आम्ही सगळ्या लपवण्यात पटाईत. नालासोपाऱ्याच्या एकीची सून बाळंत होती म्हणून ती थांबली होती. चांदीपच्या एकीला भातकापणी उरकायची होती. माझं कारण जरा पवित्र होतं एवढंच. रांगेत आम्ही एकाच बाकावर होतो.

एमआरआय करताना माणसाला एका बोगद्यासारख्या यंत्रात निजवतात. ठणठण आवाज, हलायचं नाही, चाळीस मिनिटं. मी मनात जपमाळ सुरू केली. दहा वेळा तरी चुकले. शब्द येत होते, पण ते कुणाकडे जात आहेत असं वाटेना. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर मी देवाला मागितलं, देवाचे आभार मानले, देवाला अर्पण केलं, पण "मला भीती वाटते" असं त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. त्याच्यापासूनसुद्धा मी लपवत आले होते, शहाण्या मुलीसारखी. तिथे, त्या ठणठणाटात, मी म्हटलं, "देवा, मला मरायचं नाही. मला फार भीती वाटते." डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. हलायचं नव्हतं म्हणून पुसता आलं नाही.

ऑपरेशन ठरलं तेव्हा आमचे फादर घरी आले, आजाऱ्यांना देतात तो अभ्यंगाचा संस्कार द्यायला. कपाळाला आणि तळहातांना तेल लावून झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. फादर वयाने माझ्यापेक्षा लहान, माझ्याच वर्गात शिकलेले. ते एकदम ताडकन म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "दर उपवासकाळात प्रवचनात सांगता. आपली दुःखं प्रभूच्या दुःखाला जोडा."

त्यांनी हातातल्या तेलाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "जे टळतच नाही, ते जोडायचं. औषध असताना लपवायचं, असं नाही. पण ते दुसरं वाक्य मी कधी बोललोच नाही, बाई. मला वाटलं, ते सगळ्यांना कळतंच." त्यांचा आवाज बारीक झाला होता. वर्गात उत्तर चुकलं की असाच व्हायचा.

आता या सगळ्यातला माझ्यासाठी सर्वांत मोठा धक्का सांगते. तो कॅन्सरचा नव्हता.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी घराण्याची माहिती लिहून घेताना विचारलं होतं, "आई आहे का?"

"नाही. बत्तीस वर्षं झाली."

"किती वय होतं? कशाने गेल्या?"

"एक्कावन्न. पोटात दुखायचं तिच्या. खंगत गेली. शेवटपर्यंत कधी कण्हली नाही." हे सांगताना माझी मान नेहमीसारखी जराशी ताठ झाली. आईच्या अंत्यविधीला तेव्हाच्या फादरांनी तिच्या सोशीकपणावर प्रवचन दिलं होतं. अजून गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, तुझी आई संतीण होती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

डॉक्टरांनी विचारलं, "त्यांना रक्तस्राव होता का?"

"माहीत नाही."

"घरात कुणाला माहीत असेल तर विचारून या. महत्त्वाचं आहे."

माहीत असेल असं एकच माणूस उरलं होतं, आईची धाकटी बहीण, कतरीन मावशी. वय त्र्याहत्तर, शेजारच्या आळीत एकटी राहते, रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाते. ऑपरेशनच्या चार दिवस आधी मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर शेंगा सोलत बसली होती. मी विचारलं, "मावशी, आईला रक्त जायचं का गं?"

तिचे हात थांबले. तिने मान वर केली नाही.

"जायचं," ती म्हणाली. "वरीसभर जायचं. आपली कापडं ती वाडीतल्या बावखलीच्या पाण्यावर जाऊन धुवायची, कोनी नसताना. एकदा मी बघितली. तिनं माझ्याकडून जपमाळेवर शपथ घेतली, कोनाला सांगायचं नाय. तुझ्या बापालाही नाय."

"का?"

"तुझ्यासाठी अर्पन केलं म्हनाली. तुला नोकरी लागावी म्हनून."

मला नोकरी लागली होती. आई गेली त्याच वर्षी, जूनमध्ये. आईच्या पुण्याईने, असं सगळे म्हणाले होते, आणि मीही म्हणत आले होते.

मी ओटीवर बसले होते की उभी होते, आठवत नाही. एवढं आठवतं की मी मावशीवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तू सांगितलं असतंस तर ती जगली असती! बत्तीस वर्षं तू गप्प राहिलीस!" शेंगांचं ताट बाजूला सारून मावशीने दोन्ही हात मांडीत घेतले. मी तशीच निघून आले. वाटेत मला आईचा राग आला, फादरांचा आला, देवाचा तर फारच आला. संतीण! माझी आई संतीण नव्हती. ती एक आजारी बाई होती आणि तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही.

ऑपरेशन झालं. हिस्टेरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं. माझ्या बाबतीत दोन्ही अंडाशयं, नळ्या आणि आसपासच्या काही लसिकाग्रंथीही काढल्या. पहिले दोन दिवस उठताना, खोकताना जीव जायचा. तिसऱ्या दिवशी नर्सने विचारलं, "दुखतंय का?" आणि मी सवयीने "नाही" म्हणाले. मग तिला परत हाक मारली. "सिस्टर, दुखतंय. खूप दुखतंय." तिने सलाइनमधून औषध दिलं. अर्ध्या तासात मला झोप लागली. एवढं सोपं होतं ते.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे कसे गेले, ते ज्यांनी असे दोन आठवडे काढलेत त्यांना सांगायला नको. अंतोन वाडीत जायचा आणि पाणी सोडायला विसरून परत यायचा. प्रीतीने सुट्टी घेतली होती. तिचा राग गेला नव्हता, पण माझे केस तीच विंचरायची.

रिपोर्ट आला. स्टेज वन बी. म्हणजे कॅन्सर गर्भाशयाच्या स्नायूत निम्म्याहून जास्त खोल शिरला होता, पण बाहेर पडला नव्हता. लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही थोडक्यात वाचलात. आणखी काही महिने गेले असते, तर मी आज वेगळं बोललो असतो." काही दिवस ब्रॅकीथेरपी घ्यावी लागली, म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. तीही पार पडली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते.

पण रिपोर्ट आला त्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी एक कागद पुढे केला. काढलेल्या कॅन्सरच्या तपासणीत असं दिसत होतं की हा कॅन्सर रक्ताच्या नात्यातून आलेला असू शकतो. त्याची वेगळी रक्ततपासणी असते. "आईची हकिकत तुम्ही सांगितलीत ती जुळते," ते म्हणाले. "तुमची आणि मुलीची तपासणी करून घ्या. आईच्या बहिणी असतील तर त्यांचीही."

प्रीती म्हणाली, "मी उद्याच देते रक्त." मावशीकडे मात्र जायला मला आठ दिवस लागले. ओरडून आल्यापासून मी तिला भेटले नव्हते. ती हॉस्पिटलात आली नव्हती. माझ्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून रोज मिस्साला नाव देते, एवढं अंतोनकडून कळलं होतं.

गेले तेव्हा ती खाटेवर बसून होती. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी ती मिस्साला गेलेली दिसली नाही. मी तिला कागद दाखवला, समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माझं काय आता. म्हातारी झाले." मी म्हटलं, "नुसती तपासणी आहे." ती म्हणाली, "नको." मी विचारलं, "का नको?" त्यावर ती गप्प झाली. ते गप्प होणं मी ओळखलं. तीस वर्षं वर्गात पोरांची तोंडं वाचली आहेत, आणि चार महिने आरशात माझंच वाचलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "तुला पण जातंय का?"

तिने होय अशी मान हलवली.

"कधीपासून?"

"मागला पाऊस गेल्यापासून." मग ती हळूच म्हणाली, "तुझी आई मी जाऊ दिली. तिला नेली नाय कोनी. मंग मी कुठल्या तोंडाने डॉक्टरकडे जाऊ? मी पन ते देवाला दिलंय. तिच्या आत्म्यासाठी."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मी पुन्हा ओरडू शकले असते. राग तितकाच होता, खरं तर जास्तच. पण तिच्या खाटेखाली मला बादलीत भिजत घातलेली कापडं दिसली. त्या बाईने बत्तीस वर्षं स्वतःला शिक्षा दिली होती, आणि तिला वाटत होतं ती प्रार्थना करतेय.

मी तिच्या शेजारी बसले. "मावशी, देवाने ते घेतलं नाही," मी म्हटलं. "त्याला नको आहे ते. आईचंही नको होतं, माझंही नको होतं. तू चल."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, मला ठाऊक नाही. मी काही फादर नाही. पण एवढा विश्वास मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. ज्या देवावर मी रागावले होते, त्याच्या वतीने मी बोलत होते, आणि त्याने मला अडवलं नाही.

मावशीने उठून साडी बदलली, पोलकं उलटं घातलं, मी ते सरळ करून दिलं. दार ओढून घेतलं. रिक्षात बसल्यावर तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि लहान मुलीसारखं विचारलं, "दुखंल का गं?"

"हो, थोडं दुखतं," मी म्हटलं. "दुखलं की ओरड."